ड्यूटीवर तहान लागत नसते

मार्च सरत आला की मी बाजारातून एक मटका आणते आणि वॉर्डाच्या ड्यूटी-रूममध्ये, कोपऱ्यात वाळूवर बसवते. कुंभारीण दरवर्षी त्याला टिचकी मारून आवाज ऐकवते आणि मीही दरवर्षी काहीतरी कळल्यासारखी मान हलवते. सकाळी आयाबाई तो भरते, वर ओलं फडकं गुंडाळते, झाकणीवर ग्लास पालथा घालते. मग दिवसभर येता-जाता मी त्या मटक्यात डोकावत राहते. माझ्या हाताखालच्या मुलींना वाटतं, सिस्टरला मटक्याचं वेड लागलंय. लागलं असेलही. चाळिशी ओलांडली की बाईला कसलं ना कसलं वेड लागतंच, त्यातल्या त्यात हे स्वस्त आहे.

भिलाईचा उन्हाळा कसा असतो हे नागपूरच्या नातेवाइकांना सांगायला जाऊ नये. उन्हाळ्यावर आपलाच वडिलोपार्जित हक्क आहे, अशी त्यांची समजूत असते. पण आमच्याकडे वर सूर्य आणि शेजारी पोलाद कारखान्याच्या भट्ट्या, असा दुहेरी कारभार आहे. वसाहतीतल्या सेक्टरच्या सरळसोट रस्त्यांवर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. स्कूटरच्या सीटवर बसायचं तर आधी त्यावर पाणी मारावं लागतं. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बाया टोपल्यांत चार-तेंदूची रानफळं घेऊन बसतात, त्यांच्या पदराला लू लागू नये म्हणून कांदा बांधलेला असतो. गुलमोहर मात्र याच दिवसांत फुलायचा हट्ट धरतो. आणि याच दिवसांत नर्सिंगच्या मुलींच्या परीक्षा येतात. आमच्या वेळी तारखा भोपाळहून यायच्या. भोपाळला उन्हाळा नसावा, असा आमचा जुना संशय आहे.

परीक्षेच्या वर्षातल्या मुली लांबूनही ओळखू येतात. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं, टोपीला लावायच्या पिना दातांत धरून चालता चालता काहीतरी पुटपुटत असतात. खळ घातलेल्या एप्रनचा, फिनाइलचा आणि घामाचा मिळून एक वास असतो, तो इतक्या वर्षांत बदललेला नाही. तो वास आला की मला शकुन आठवते. खरं तर शकुन आठवते म्हणून मी मटका आणते.

शकुन आणि मी एकाच खोलीत राहायचो, होस्टेलच्या पश्चिमेकडच्या बाजूला, म्हणजे ऊन थेट गादीवर यायचं. माझे बाबा कारखान्यात क्लार्क, आम्ही सेक्टरमध्येच राहायचो, मूळचे वर्ध्याकडचे. शकुनचे बाबा भिलाईजवळच्या नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होते. गाव तिरोड्याकडचं, घरी धानाची थोडी शेती होती, ती भावांवर सोडून ते इकडे आले होते. ते पोरीला नर्सिंगला धाडायला तयार झाले, पण एका अटीवर. तीन वर्षांत जे होईल ते होईल, एक दिवस जास्त मिळणार नाही. नापास झाली किंवा वर्ष वाया गेलं तर घरी यायचं आणि लग्नाला उभं राहायचं. मुलगा तिरोड्याचाच, बघून ठेवलेला होता. शकुन हे सांगताना हसायची. म्हणायची, "त्याले म्हणलं, ठेव बाप्पा वाट पाहून. मी काई येत नाई."

आम्हाला शिकवत काय होते, तर आरोग्य. समतोल आहार, पुरेशी झोप, भरपूर पाणी. फळ्यावर गाजर, दूध आणि पालेभाज्या काढलेल्या असत. ते पाहून आम्ही मेसमध्ये जायचो, तिथं पातळ वरण आणि वांगं असायचं. झोपायची घंटा, उठायची घंटा. केस किती उंच बांधायचे हे ठरलेलं, भेटायला कोण येऊ शकतं त्यांची नावं बापाने लिहून दिलेली, आलेली पत्रं आधी वॉर्डन वाचणार. आणि याच मुली सकाळी वॉर्डात गेल्या की कुणाची नाडी बुडतेय, कुणाला आत्ताच्या आत्ता डॉक्टर लागणार, हे त्यांनी ओळखायचं. वॉर्डाच्या दारापर्यंत आम्ही पोरी होतो. दारातून आत गेलो की एकदम बाया व्हायचो. बाहेर पडलो की परत पोरी.

आता ते पाण्याचं. आमच्यासाठी बाथरूम होतं होस्टेलमध्ये, मैदानापलीकडे. वॉर्डात स्टाफचं एक होतं, पण त्याला कुलूप, आणि किल्ली अन्नम्मा सिस्टरच्या कमरेला. सिस्टर केरळच्या, अंगाने किरकोळ, आवाजाने नव्हे. किल्ली मागायची तर डॉक्टर, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक अशा सगळ्यांसमोर मागायची. विसाव्या वर्षी ते कसं वाटतं हे पुरुषांना सांगून कळणार नाही, आणि बायकांना सांगायची गरज नाही. तेव्हा सीनियर मुलींनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शास्त्र शिकवलं. सकाळी उठल्यावर पाणी प्यायचं नाही. चहा अर्धाच घ्यायचा. ड्यूटीवर तोंडात वेलदोडा धरायचा. संध्याकाळी खोलीवर येऊन हवं तेवढं प्यावं. हे आम्ही इतक्या मनापासून शिकलो की पुस्तकातलं काही तसं शिकलो नाही. पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या, त्यांना आम्हीच शिकवलं, तेही मोठ्या प्रेमाने.

अन्नम्मा सिस्टरचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ड्यूटी में नर्स को प्यास नहीं लगता." ते आम्ही खोलीत नक्कल करून म्हणायचो आणि पोट धरून हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे आज आठवू पाहते तर आठवत नाही.

वॉर्डात मात्र दुसऱ्यांच्या पाण्याचा आम्ही हिशोब ठेवायचो. प्रत्येक आजाऱ्याच्या पलंगाला तक्ता टांगलेला. किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर पडलं. ग्लास मोजून भरायचा, लघवी मोजून टाकायची. एखाद्या म्हातारीने दुपारपर्यंत पुरेसं पाणी घेतलं नसेल तर आम्ही तिच्या उशाशी उभं राहून, मिनतवारी करून तिला पाजायचो. जीभ टाळूला चिकटलेली असताना दुसऱ्याला पाण्याचं महत्त्व सांगायला एक खास कसब लागतं. ते आम्हाला आलं होतं.

शकुनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ती नुसतीच बिचारी वाटेल. दुसऱ्या वर्षी बाळंतिणींच्या वॉर्डात होतो. सिस्टर ऑफिसात गेल्या होत्या. एक बाई एकाएकी पांढरी पडत चालली. मी तिच्याकडे बघतच राहिले. शकुनने चादर बाजूला केली, वाहतं रक्त बघितलं, पलंगाचं पायाकडचं टोक विटांवर चढवायला लावलं, स्वतः त्या बाईच्या पोटावर हात दाबून धरला आणि आयाबाईला डॉक्टरांकडे पळवलं. तिचा हात हलला नाही की आवाज हलला नाही. बाई वाचली. सिस्टर परत आल्या, सगळं ऐकलं, आणि विचारलं, "किसने बोला था?"

"किसी ने नहीं सिस्टर. मेरे को लगा."

सिस्टरनी पलंगाखालच्या विटा बघितल्या. मग म्हणाल्या, "अच्छा किया. लेकिन पूछना था."

त्या दोन वाक्यांत आमचं सगळं शिक्षण आलं. चांगलं केलंस, पण विचारायला हवं होतं. शकुनला त्याचं काही वाटलं नाही. खोलीवर आल्यावर म्हणाली, "कोणाले विचारत बसली असती तं ते बाई गेली असती." आणि ताणून झोपली. मला त्या दिवशी तिचा हेवा वाटला होता. एवढं लख्ख ठरवता येणं, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

तर तो परीक्षेचा उन्हाळा. परीक्षा तोंडावर आली होती आणि शकुन रोज दुपारी कंबर धरून यायला लागली. मग थंडी वाजून ताप. भर उन्हाळ्यात, पश्चिमेच्या त्या भट्टीसारख्या खोलीत, ती चादर पांघरून कुडकुडायची. लघवीला जळजळ होत होती. आम्हा दोघींनाही काय झालंय ते कळत होतं. हेच तर पुस्तकात वाचत बसलो होतो, परीक्षेला येईल म्हणून.

"सिस्टरले सांग," मी म्हणायची. "औषध सुरू होईन. नाईतं किडनीवर जाईन."

"सांगलं का सिक-रूममंधी टाकतीन. हजेरी कटली का परीक्षा गेली."

"पुढच्या बॅचबरोबर देजो."

"पुढच्या बॅचपर्यंत मी तिरोड्यात चूल फुकत असन, कुंदे."

मी धण्याचं पाणी उकळून द्यायची, जवाचं पाणी द्यायची. संध्याकाळी ती ते पिऊन घ्यायची आणि सकाळी पुन्हा अर्धा चहा घेऊन, टोपी लावून वॉर्डात उभी. मी मनात म्हणायची, ही माझ्यापेक्षा शहाणी आहे, हिने विचार केला असेल. विचार केलाच होता तिने. तिच्या आयुष्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी कुणी ना कुणी ठरवून ठेवल्या होत्या. तिच्या हातात उरलेली एकच गोष्ट होती, दुखणं लपवणं. ती तिने पूर्ण मनाने निवडली. यालाच स्वतःचा निर्णय म्हणतात का, हे मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?

ती दुपार मला अजून दिसते. दारांवरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं होतं, त्यांचा ओला वास वॉर्डभर होता. अहिवाऱ्याकडची एक म्हातारी होती, जुलाबांनी सुकलेली. शकुन ग्लास घेऊन तिच्याजवळ उभी होती. सिस्टर राउंड घेत पलीकडच्या पलंगापर्यंत आल्या होत्या. शकुन म्हणाली, "दाई, पानी पी ले." इकडे आईला दाई म्हणतात. म्हातारीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तोर ओंठ ह सुखागे हे बेटी. तैं कब पीबे?"

म्हातारीने तो ग्लास तिच्याच हातात परत सरकवला. तुझे ओठ सुकलेत, तू पी आधी, असं हाताने खुणावलं. शकुनने ग्लासकडे बघितलं. मग सिस्टरकडे बघितलं. मी तीन पलंग पलीकडून हे बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला वाटलं ही आता पिणार. तिने ग्लास जपून टेबलावर ठेवला, वर झाकण ठेवलं आणि पेशंटच्या पलंगावर बसली.

ड्यूटीवर पेशंटच्या पलंगावर बसणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. चक्कर येऊन पडणं त्यापेक्षा सभ्य. शकुन बसली, तेव्हाच सगळ्यांना कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. सिस्टर तरातरा आल्या, ओरडण्यासाठी तोंड उघडलं, आणि तिच्या कपाळावर हात ठेवल्यावर ते तसंच मिटलं.

त्याच वॉर्डात, म्हातारीच्या शेजारच्या पलंगावर शकुनला ठेवलं. तिच्या पायाशीही तक्ता टांगला. तो भरायचं काम माझ्याकडे आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं पाणी मोजत होतं. अन्नम्मा सिस्टर स्वतः येऊन तिला चमच्याने पाणी पाजायच्या. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मैं भी ऐसे ही सीखा था." बस, एवढंच. मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता, तोही त्यांनी धरू दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज आहे, औषध आणि विश्रांती मिळाली तर पोरगी बरी होईल, परीक्षा पुढच्या खेपेला देऊ द्या. डॉक्टरांनी हे सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी वॉर्डनला सांगितलं. वॉर्डनने शकुनच्या बाबांना बोलावणं धाडलं. ज्या पलंगाभोवती हे बोलणं चाललं होतं, त्यावर शकुन जागी पडून होती. पलंग ओलांडून बोलणं इकडून तिकडे जात होतं.

बाबा खाणीची पाळी संपवून तसेच बसने आले. चपलांवर, पायांवर, भुवयांवर चुन्याची पांढरी धूळ. उन्हातून आलेला माणूस, पण त्यांनी पाणी मागितलं नाही. पोरीच्या पायाशी उभे राहिले आणि पिशवीतून दोन मोसंब्या काढून हातात धरून राहिले. कुठे ठेवायच्या ते त्यांना कळेना.

ते वॉर्डनकडे गेले तेव्हा शकुनने माझं मनगट पकडलं. "कुंदा, मले परीक्षा द्याची आहे. पुढच्या टायमाले. तू सांग ना बाबाले."

"तू सांग. तुयं ऐकतीन ते."

"मायं तोंडच नाई उघडत त्याइच्यासमोर."

रक्त वाहत असताना जिचा हात हलला नव्हता, ती हे म्हणत होती. मी उठले. व्हरांड्यात त्यांना गाठलं.

"काकाजी, शकुनले परीक्षा द्याची आहे. तिले एकदा विचारून पाहा ना."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "पोरीले का विचारू बेटा? तिले का समजते. समजत असतं तं येवढं दुखणं लपवलं असतं का?" मग म्हणाले, "आन् एक सांग मले. खाणीत आमी दगड फोडून राहिलो, तं तिथंबी पाण्याचा डरम असते. जिथं प्याले पाणी नाई, तिथं मी आपली पोरगी कायले ठेवू?"

त्यांचं चुकलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ते बरोबर बोलत होते. शकुनही बरोबर होती. डॉक्टर बरोबर होते, सिस्टरसुद्धा त्यांच्या परीने बरोबरच होत्या. एवढी सगळी बरोबर माणसं एका पलंगाभोवती उभी होती आणि त्या सगळ्यांच्या बरोबर असण्यात माझी मैत्रीण बुडत होती, आणि मी काठावर उभी राहून बघत होते. मला पोहता येत नव्हतं.

जरा उभं राहता यायला लागल्यावर ते तिला घेऊन गेले. ती घरचं फुलाफुलांचं पातळ नेसली होती, वेणी सैल पाठीवर सोडलेली. टोपी खोलीतच राहिली, खिडकीतल्या खिळ्याला. जाताना ती म्हातारीच्या पलंगाशी थांबली आणि सवयीने तिच्या तक्त्यावर नजर टाकली. मग गेली. पावसाळा संपल्यावर तिरोड्याला लग्न झालं. मी लग्नाला गेले नाही, मला रजा मिळाली नाही.

ती गेल्यावर अन्नम्मा सिस्टरनी कमरेची किल्ली काढून बेसिनशेजारच्या खिळ्याला टांगली. कुणाला काही बोलल्या नाहीत. ज्याला हवी त्याने घ्यावी. गंमत पुढेच आहे. कुणी घेतली नाही. मीही नाही. किल्ली समोर लटकत होती आणि आम्ही सकाळी अर्धाच चहा घेत होतो. कुलूप दाराला होतं असं आम्ही इतके दिवस समजत होतो.

मी पास झाले. याच हॉस्पिटलात लागले. आता त्याच वॉर्डाची मी सिस्टर आहे. किल्ली खिळ्यावर असते, मटका कोपऱ्यात असतो, आणि रोज सकाळी मी मुलींना सांगते, पाणी प्या. त्या "येस सिस्टर" म्हणतात. दुपारी मी झाकणी उचलून बघते तर पाणी सकाळी होतं तिथंच. हुकूम देऊन बघितला, लाडाने सांगून बघितलं, ओरडून बघितलं. ओरडले की पितात, माझ्या देखत, औषध घेतल्यासारखं. पण मला तसं नको आहे. त्यांना तहान लागावी आणि त्यांनी उठून प्यावं, एवढंच माझं मागणं आहे. ते कसं शिकवतात, हे मला कुणी शिकवलं नाही.

शकुन आता अहिवाऱ्याला असते. तिच्या बाबांच्या ओळखीने नवऱ्याला इकडेच काम मिळालं. लग्नकार्यात भेट होते, साड्यांबद्दल बोलतो, दुखण्यांबद्दल बोलतो. तिचे पाय सुजतात, मीठ कमी खाते. त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

परवा ती घरी आली. लेकीला घेऊन. रश्मी नुकतीच बारावी झाली आहे, उंच, बारीक, बापाच्या वळणावर गेलेली, पण भुवया शकुनच्या. नर्सिंगचे अर्ज निघाले आहेत, टाकावा की नाही, हे विचारायला दोघी एवढ्या उन्हात बस बदलून आल्या होत्या. मी तीन ग्लास पाणी आणून ठेवलं. शकुनने तिचा ग्लास एका दमात रिकामा केला.

मग तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि विचारलं, "कुंदा, आता तेथी पोरीयले पाणी भेटते का?"

"मटका ठेवते मी. किल्लीबी खिळ्यावर असते."

"पेतात का पण?"

मी तिचा रिकामा ग्लास पुन्हा भरायला घेतला. हा प्रश्न तिलाच सुचू शकत होता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. मग ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि लेकीसमोर झाली.

"रश्मी, तू सांग. तुले जायाचं आहे का? तुय्या मनात जे असन ते बोल. तू म्हणशीन तसं करू."

त्या वॉर्डात जे एकानेही विचारलं नाही, ते शकुन विचारत होती, तेच, तसंच, समोरासमोर. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. पोरगी आईकडे बघून माझ्याकडे बघायला लागली, आणि मग फरशीकडे.

"आप लोग देख लो ना मम्मी," ती म्हणाली. "मेरे को क्या समझता."

टेबलावर रश्मीचा ग्लास तसाच होता, बाहेरून घाम आलेला. एवढ्या उन्हातून आलेली पोर, ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पाणी तं पे," शकुन कशीबशी म्हणाली.

रश्मीने ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला, आणि तिथंच थांबून माझ्याकडे बघत विचारलं, "मौसी, पी लूं?"